वारं चुकवायला

शिमगा झाला की आमच्याकडे दोन पाहुणे येतात. पुण्याहून भाचा आणि पश्चिमेकडून वारा. भाचा चार दिवसांत परततो. वारा मिरगाचा पाऊस येईपर्यंत मुक्काम हलवत नाही. यंदा दोघे एकाच एस.टी.तून उतरल्यासारखे आले. भाच्यानं उंबरा ओलांडला आणि मागोमाग दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडून थेट जूनवर उघडलं. "कोण आलं रं?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. मी म्हटलं, "दोघंबी."

त्या रात्री न्हाणीवरचा पत्रा एकटाच बोलत होता. चंदगड तालुक्यात पत्र्याला खिळे मारले तरी वर दगड ठेवतात. खिळ्यांवर विश्वास नाही असं नव्हे, वाऱ्यावर आहे. एक पत्रा उचलायचा, आपटायचा, थोडा वेळ गप्प राहायचा आणि आपला डोळा लागतोय असं दिसलं की पुन्हा आपटायचा. सकाळी भाचा चहा पिताना म्हणाला, "मामा, उद्या मस्त ट्रेक करू." त्याला 'ट्रेक' म्हणजे काय ते मी ओळखून आहे. कडा, टोक, टोकावर उभं राहून पसरलेले हात आणि तो फोटो पुण्यातल्या मित्रांना.

मी एकच अट घातली. वारं नको.

कानात वारं शिरणं हा प्रकार वयानुसार बदलतो. वासराच्या कानात शिरलं की ते शेपटी वर करून उधळतं, आणि माझ्या भाच्याचंही तसंच आहे. माझ्या उजव्या कानात शिरलं की संध्याकाळपासून ठणका लागतो आणि आई लसणीची पाकळी तेलात कढवायला घेते. साठीच्या माणसाच्या कानात त्याच्या आईनं तेल सोडावं हे दृश्य घरच्या घरी ठीक आहे, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. तेव्हा ठरलं असं की वारा सुटलेल्या दिवशी वारा नसलेली वाट शोधायची. भाच्याला ही अट पुण्यातल्या पार्किंगच्या जागेसारखी वाटली. म्हणजे असते, पण सापडत नाही.

दुपारी सोप्यात बैठक बसली. भाचा, त्याचा फोन, मी, शेजारचे अण्णा आणि मधूनमधून आई. पहिला मान किल्ल्यांचा. आमच्या तालुक्यात पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड आणि महिपाळगड असे चार आहेत, आणि चारही पहिल्या पाच मिनिटांत बाद झाले. किल्ले बांधणाऱ्यांची अट एकच असायची, शत्रू लांबून दिसला पाहिजे. जिथून शत्रू लांबून दिसतो तिथं शत्रूच्या आधी वारा पोचतो. गंधर्वगडावर आणि महिपाळगडावर अजून गावं नांदतात. त्या लोकांच्या कानांचं मला कायम कौतुक वाटत आलेलं आहे.

पारगडावर भाच्याचा जीव फार. खरं तर माझाही. १६७० साली कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यांचे चिरंजीव रायबा यांच्याकडे पुढे हा गड सोपवला गेला आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर राहतात. वर भवानीचं देऊळ आहे, तानाजींचा पुतळा आहे, आणि पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण, त्यापलीकडे गोवा असा सगळा हिरवा पट्टा पायाशी उलगडतो. त्याच कड्यावर काही वर्षांमागं सकाळी सकाळी माझी टोपी गेली. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. शाळेत आम्ही 'मतलई वारे' म्हणून घोकलेला हाच तो. टोपी हातातून सुटली ती दोन गिरक्या घेत दरीत, म्हणजे दोडामार्ग तालुक्यात. तालुका बदलला, जिल्हाही बदलला. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. आमचा अख्खा चंदगड तालुका १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूर जिल्ह्यात आला, तोही जागचा तसूभर न हलता. टोपीनं निदान जाण्याचे कष्ट तरी घेतले होते.

तर पारगड नाही. तिलारीकडचा घाटमाथा नाही. "मग उरलं काय?" भाचा म्हणाला. त्यानं फोन पुढं केला. पडद्यावर आमच्या तालुक्यावरून निळे, हिरवे, पिवळे बाण लोंढ्यानं पूर्वेकडं चालले होते. ताशी ३४ किलोमीटर, असं खाली लिहिलेलं. सगळ्या तालुक्याला मिळून एकच आकडा. नांदवडे, हेरे, कानूर, कोवाड, सगळ्यांना सारखा. सरकारी अनुदानसुद्धा इतक्या समान भावानं कधी वाटलं गेलेलं नाही.

आई पापड लाटायची तयारी करत होती. ती म्हणाली, "वारं कुठं न्हाई ते त्या फोनला काय ठावं? म्हशीला विचारा."

भाचा हसला. अण्णा हसले नाहीत. अण्णांचं अर्धं आयुष्य गुरांमागं गेलंय. ते म्हणाले, "खरं हाय. दुपारी जनावर जिथं बसतंय तिथं वारं लागत न्हाई आणि ऊनबी लागत न्हाई." आणि त्यांनी भराभरा गावच्या जुन्या गोठणी सांगायला सुरुवात केली. गोठण म्हणजे चरून आलेली गुरं दुपारी रवंथ करत बसायची ती ठरलेली जागा. ती कुणी ठरवत नाही, गुरंच ठरवतात. गुराखी फक्त मागून जाऊन म्हणतो की ही आपली गोठण. अण्णांच्या हिशेबात अशा पाच जागा होत्या. त्यांतल्या दोन आता घरांखाली गेल्यात आणि एकीवर पाण्याची टाकी उभी आहे. पण राहिलेल्या दोन भाच्याच्या नकाशावर टिंबं म्हणून ठेवल्यावर मजा दिसली. दोन्ही टिंबं डोंगराच्या अशा घडींत होती ज्या उत्तर-दक्षिण पडल्यात. वारा पश्चिमेचा. दरी पूर्व-पश्चिम असली की ती वाऱ्याला नळीसारखी होते, तिथं तो कोंडून आणखी जोरात धावतो. दरी आडवी असली की वारा डोक्यावरून उडी मारून जातो. हे भाच्याला इंजिनियरिंगमध्ये शिकवलेलं होतं म्हणे. म्हशीनं फी न भरता शिकून घेतलं होतं.

मग आमच्या घराकडं माझं नव्यानं लक्ष गेलं. दार पूर्वेला. गोठ्याचं तोंड पूर्वेला. पश्चिमेची भिंत आंधळी, तिला एक झरोकाही नाही. लहानपणी पावसाळ्याआधी त्या भिंतीला बाहेरून गवताचे तट्टे बांधायचे, कारण आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो. पश्चिमेला खिडकी ठेवणं म्हणजे पावसाला ताट मांडून ठेवणं. मी बी.एड. करून आल्यावर हवा खेळती राहण्याविषयी घरात एक भाषण दिलं होतं आणि त्या भिंतीत खिडकी काढा असं सुचवलं होतं. वडील म्हणाले होते, "काढू की. जुलैमध्ये काढू." पुढं तो विषय निघाला नाही.

वसंतातल्या वाऱ्याची आपल्याकडच्या कवींनी फार बडदास्त ठेवली आहे. संस्कृत काव्यात तो दक्षिणेकडच्या मलयपर्वतावरून येतो, चंदनाचा वास आणतो आणि इतका हळू चालतो की त्याला थकवा आलाय असं वाटावं. आमचा वसंतवारा अरबी समुद्रावरून येतो. सरळ रेषेत समुद्र साठेक किलोमीटर. उन्हानं घाटमाथ्याची जमीन तापते, तिच्यावरची हवा वर सुटते आणि तिची जागा घ्यायला खालून खारं वारं कडे चढत येतं. एवढी चढण चढून आल्यावर कुणाचीही चाल मंद राहायला हवी. याची राहत नाही. वास म्हणाल तर काजूच्या मोहराचा, वाळल्या गवताचा आणि कुठंतरी लागलेल्या वणव्याचा. त्या वाऱ्याला आमच्याकडं कुणी 'मंद' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि त्याला शिव्या द्यायचाही अधिकार आम्हाला नाही, ही आईची बाजू. तिच्या तरुणपणी खळ्यावर लोक वाऱ्याची वाट बघत बसायचे. मळणी झाली की वावडीवर चढून सुपातलं धान्य वरून सोडायचं, वाऱ्यानं भुसा बाजूला पडायचा. याला 'वारं देणं' म्हणायचे. वारं कुणी कुणाला दिलं हा व्याकरणाचा प्रश्न मला पुष्कळ वर्षं सुटला नव्हता. वारं पडलं, म्हणजे थांबलं, की वावडीवरचा माणूस सूप हातात धरून तसाच उभा. एकदा आजोबा अर्धी दुपार असे उभे होते आणि खाली उतरायला तयार नव्हते, कारण उतरलं की सुटतंय, असा त्यांचा अनुभव होता.

इंग्रजांनी मात्र वारा शिस्तीत मोजला. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं १८०५ साली शून्य ते बारा अशी पट्टी आखली. त्याला जहाजावर किती शिडं उभारायची याची काळजी होती; जमिनीवरच्या खुणा मागाहून जोडल्या गेल्या. धूर सरळ वर जातो तेव्हा शून्य, पानं सळसळतात तेव्हा दोन, धूळ आणि कागद उडतात तेव्हा चार, छत्री सांभाळणं जड जातं तेव्हा सहा. भाच्याचे ३४ किलोमीटर या हिशेबानं पाचात बसतात. आईची पट्टी वेगळी आहे. पोह्याचा पापड हलला तर काम चालू ठेवायचं. नाचणीचा हलला तर कडेला दगड ठेवायचे. पापडांखालचं लुगडंच उठलं तर सगळं गोळा करून घरात यायचं, आणि लुगडं शेजारणीच्या परड्यात गेलं तर ते आणायला जाण्याच्या निमित्तानं चहा पिऊन यायचं. त्या दिवशी वारा तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये होता. म्हणून तिनं आमच्या मोहिमेवर एक काम लादलं. "नदीवर जाणारच हायसा तर येताना चार दगड आणा. चपटे, गुळगुळीत."

वाट ठरली ती अशी. घरामागून पाणंदीनं निघायचं, पाणंद संपते तिथं ओढ्यात उतरायचं, ओढ्याच्या घडीतली जुनी गोठण, तिथून देवाचं रान, रानाच्या अंगानं काजूच्या बागा आणि शेवटी खाली ताम्रपर्णीवरचा बंधारा. सगळं मिळून आठ-नऊ किलोमीटर. एकही टोक नाही, एकही कडा नाही. भाच्याचा चेहरा बघवत नव्हता.

अण्णांनी आणखी एक मुद्दा काढला. "टस्कर कुठं हाय ते बघा आधी."

पुण्याच्या माणसाला हवामान बघायची सवय असते, हत्ती बघायची नसते. २००२ च्या सुमारास दांडेलीकडच्या जंगलातून हत्ती आमच्या सीमाभागात उतरले, आणि तेव्हापासून चंदगड-आजऱ्याकडं ऊस, केळी, नारळ यांच्या नोंदवहीत हत्तीचाही एक रकाना असतो. गवे तर आहेतच. वारा चुकवून चालायचं म्हणजे एक अडचण असते, ती अण्णांनी नीट समजावली. वारं आपल्या पाठीवर असलं की आपला वास पुढं जातो आणि जनावर आधीच बाजूला होतं. वारं तोंडावर असलं तर आपण त्याच्या अंगावर जाईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. वारंच नसलं तर दोघंही अडाणी. "मग काय करायचं?" भाच्यानं विचारलं. "बोलत जायचं," अण्णा म्हणाले, "तुमच्या मामाला सोबत घ्या की, झालं." त्यांनी दोन-तीन गावांत फोन लावले. टस्कर दोन दिवसांमागं पार लांब, दुसऱ्या बाजूला दिसला होता. वाट मंजूर झाली.

भाच्यानं पिशवीतून एक छोटी गॅसची शेगडी काढली होती, रानात कॉफी करायला. ती मी घरी ठेवायला लावली. मार्चातलं गवत, त्यात असा वारा; एक ठिणगी पडली तर संध्याकाळपर्यंत अख्खा डोंगर काळा. थर्मासात चहा घेतला. फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या, लसणीची चटणी आणि ओल्या काजूगरांची उसळ. ही उसळ डब्यातून न सांडता नेता येत नाही, हे मला पन्नास वर्षं माहीत आहे आणि पन्नास वर्षं मी ती नेतो आहे.

साडेसहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे आठला निघालो. पाणंदीच्या तोंडाशी वारा असा अंगावर आला की भाच्यानं फोनकडं बघून "करेक्ट" असं म्हटलं. वारा बरोबर असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मी कानाला मफलर गुंडाळला.

आणि आम्ही पाणंदीत उतरलो.

पाणंद हा शब्द पुण्यात सांगावा लागतो, म्हणून इथंही सांगतो. दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. बैलगाडीच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्यानं ती वर्षानुवर्षं खचत जाते. आमची पुरुषभर खचली आहे. दोन्ही काठांना करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, निवडुंग, मधेच चिव्याची बेटं. वर वाऱ्याचा गोंगाट चाललेला, चिव्याचे शेंडे एकमेकांवर आपटताहेत, वाळकी पानं आडवी उडत इकडच्या शेतातून तिकडच्या शेतात जाताहेत, आणि खाली आमच्या पायाशी कोळ्याचं एक जाळं. त्यावर दव होतं आणि ते हलत नव्हतं. भाचा थांबला. वाकून बघत राहिला. त्यानं फोन काढला, पडद्यावर अजून ३४. खाली जाळं स्थिर. बराच वेळ तो एकदा फोनकडं, एकदा जाळ्याकडं बघत होता. दोन साक्षीदारांचं जुळत नाही म्हटल्यावर न्यायाधीशाचं होतं तसं त्याचं झालं होतं.

मला आमच्या वडिलांची आठवण झाली. ते म्हणायचे, वाऱ्याला भिंत घालू नये, वई घालावी. भिंत घातली की वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडं भोवरे करत कोसळतो. वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, सच्छिद्र असते. थोडा वारा आत सोडते आणि बाकीच्याचा जोर मोडते. झाडांच्या रांगेमागं तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो असं शेतीशास्त्राची पुस्तकं सांगतात. वडिलांनी पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांनी वईमागं मिरची लावून बघितली होती.

ओढ्यात उतरल्यावर गोठण सापडायला वेळ लागला नाही. एका मोठ्या आंब्याखाली जमीन गुळगुळीत झालेली, मुळांना गुरांनी अंग घासून चकाकी आणलेली. गुरं नव्हती. आता गोठ्यातच वैरण टाकतात, दुपारची चरणी संपली. पण जागा आपलं काम सोडत नाही. वर डोंगराच्या धारेवर गवत पाण्यासारखं लाटांनी वाहत होतं आणि खाली आंब्याचं एक पान पडलं ते सरळ, कुणी हातातून ठेवावं तसं. भाचा आडवा झाला. "मामा, ही जागा फोनमध्ये सेव्ह करतो. नाव काय टाकू?" मी म्हटलं, "म्हैस."

पुढं देवाचं रान. आमच्या भागात गावोगावी असा एखादा तुकडा देवाच्या नावानं राखलेला असतो. लाकूड तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं तरी देवाला विचारून. घाटमाथ्याच्या उघड्या धारेवर जांभूळ, अंजनी, पिसा ही झाडं वाऱ्यापुढं कंबर वाकवून वाढतात. जांभूळ तर माणसाच्या उंचीवर थांबतं आणि एकाच बाजूला फांद्या काढतं, केस मागं फिरवल्यासारखं. तेच जांभूळ इथं रानाच्या आत दोघांच्या कवेत मावत नाही आणि मान वर केल्याशिवाय शेंडा दिसत नाही. गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, दोरखंडासारख्या जाड. अंजनी निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडली होती, फांद्यांना बारीक शाई चिकटल्यासारखी. आत शिरल्यावर वाऱ्याचा आवाज मागं पडला, मग संपला. इतकी शांतता की आमच्या चपलांची लाज वाटावी.

ही शांतता आम्हाला सहा मिनिटं सोसली. सातव्या मिनिटाला चिलटं आली. डोळ्यांत, नाकात, माझ्या मफलरच्या आत. घाम फुटला. हवा जागची हलत नव्हती. भाचा दोन्ही हातांनी तोंडापुढं वारा घालत म्हणाला, "मामा, जरा झुळूक असती तर..." आणि मग मधेच थांबला. मी काही बोललो नाही. मी मफलर काढत होतो.

काजूच्या बागेत जाऊन बसलो तेव्हा जीव भांड्यात पडला. तिथं वारा होता, पण गाळून आलेला. काजू हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलं. 'काजू' हा शब्दही ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला. उतारावरची माती धरून ठेवायला चांगलं म्हणून ते लावलं असं सांगतात. आता मार्च-एप्रिलमध्ये आमच्या तालुक्याचा निम्मा हिशेब त्याच्यावर चालतो. झाडाखाली पिवळी-तांबडी बोंडं पडली होती. एक बाई पाटीत वेचत होती. पिळून बी वेगळी करायची, बी पाटीत, बोंड बाजूला. बोंडांचा आंबूस-गोड वास, त्यावर मधमाश्या. आम्ही वाऱ्याविषयी कुरकुर केली तशी ती म्हणाली, "वारं न्हवं, माझा गडी हाय त्यो. पिकलेलं त्योच पाडतोय. मी नुसतं येचत्ये." आदल्या दिवशी वारं नव्हतं तर तिची पाटी अर्धीच भरली होती. तिनं आम्हाला दोन बोंडं दिली. भाच्यानं पहिला घास घेतला आणि त्याची जीभ, टाळा, घसा सगळं कोरडं पडलं. बोंडाला आधी मीठ लावायचं असतं, हे मी त्याला नंतर सांगितलं. पारगडावर जायचं असा हट्ट त्यानं तीन वेळा केला होता. तेवढा सूड चालतो.

आमच्या योजनेतलं भोक शेवटी निघालं, बंधाऱ्यावर. नदी पूर्वेकडं जाते, म्हणजे तिची दरी वाऱ्याच्याच दिशेनं पडलेली. हे नकाशावर दिसत होतं. आम्ही सगळे बघतही होतो. ताम्रपर्णी नावाची एक नदी खाली तमिळनाडूत आहे, ती तिच्या देवळांमुळं प्रसिद्ध. आमची ताम्रपर्णी चंदगडावरून कोवाडला जाते, रणजित देसाईंच्या गावाला, आणि पुढं घटप्रभेला मिळते. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर असताना ही बाई त्याच्याकडं पाठ करून निघते ती कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला. वारा पश्चिमेकडून येतो, पाणी पूर्वेकडं जातं, आणि मधे आम्ही बंधाऱ्यावर, कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, बरगे घातलेले, एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला उघडे खडक.

मी मफलर पुन्हा बांधत होतो तेवढ्यात भाच्याची टोपी गेली. कंपनीनं दिलेली, निळी, पुढं नाव छापलेली. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन एका डबक्यात पडली, थोडी फिरली आणि धारेला लागली. माझी टोपी अरबी समुद्राच्या बाजूला गेली, त्याची बंगालच्या उपसागराच्या. एकाच घराण्यातल्या दोन टोप्या. भाचा खडकांवरून तिच्यामागं धावला. मार्चातल्या नदीला घाई नसते. दोन वळणांवर ती एका खळग्यात सापडली. तो ओली टोपी घेऊन परतला तेव्हा त्याच्या खिशांत काहीतरी वाजत होतं.

"आजीचे दगड," तो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. माझा कान ठणकत नव्हता, पण उगाच बोललो तर ठणकायला लागेल म्हणून मी त्याचं नाव काढलं नाही. उसळीचं तेल माझ्या शर्टाच्या पाठीवर जिल्ह्याच्या आकाराचं उतरलं होतं. अंगणात लुगड्यावर नाचणीचे पापड, चारही कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, पितळी तांब्या आणि माझा जुना पेपरवेट. भाच्यानं दगड आईपुढं ओतले, नऊ होते. आईनं एकेक हातात घेऊन बघितला. हा गोल हाय, घरंगळतोय. ह्याला कंगोरा हाय, लुगडं फाटंल. हा बरा. हा बरा. ह्यो कुठं मिळाला? लई चांगला. शेवटी चार निवडले, तांब्या-वरवंटा उचलून त्यांच्या जागी दगड ठेवले आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं.

पापडांची एक कडही हलली नाही. भाचा खूष झाला. मग माझं लक्ष चिंचेकडं गेलं, चिंचेचं एक पान हलत नव्हतं. न्हाणीवरचा पत्रा गप्प होता. शेजारच्या चुलीचा धूर सरळ वर चालला होता.

"आजी, वारं पडलंय," भाचा म्हणाला, जरा हिरमुसून.

"पडू दे की," आई म्हणाली, आणि उरलेले पाच दगडही परड्याच्या कोनाड्यात ठेवून आली.